बांद्र्यातला म्हातारा की दुकानातला नवा

शनिवार, रात्र

आज दुकानात दोन तास ठाण मांडून बसलो आणि शेवटी तारांचा एक सेट घेऊन बाहेर पडलो. काउंटरवरच्या पोराकडे बघायची लाज वाटली, बिचाऱ्याने पंख्याखालची खुर्ची दिली होती, चहा मागवला होता. गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प बघायला गेलो होतो, फेंडर डिलक्स रिव्हर्ब, नवा कोरा, म्हणजे 1965 च्या मॉडेलवरून 1993 पासून काढतायत तो रीइश्यू. काळं पॅनल, चंदेरी जाळी, 22 वॅट, बारा इंची एकच स्पीकर. वीस वर्षांचं स्वप्न वगैरे काही नाही, माझा ट्रान्झिस्टरवाला छोटा ॲम्प गेल्या गणपतीत गेला आणि तेव्हाच ठरवलं की आता घेईन तर जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचाच, त्यालाच ट्यूब पण म्हणतात.

आमच्याकडे ट्यूब म्हणजे ट्यूबलाइट. बायकोला म्हणलं ट्यूबचा ॲम्प घेतोय तर ती म्हणाली त्याचा पण चोक उडतो का. तिला वाटलं जोक मारला, पण त्यात चोक असतो खरंच.

तर नवा वाजवून बघितला. माझीच टेलिकास्टर गिटार नेली होती, दुकानातल्या गिटारवर मला काहीच कळत नाही. व्हॉल्यूम 3 पर्यंत एकदम स्वच्छ, 5 च्या पुढे गेलं की जोरात मारलेला सूर कडेने फाटायला लागतो आणि हळू मारला की परत स्वच्छ, म्हणजे पेडलवर पाय न ठेवता सगळं उजव्या हातात. याच्यासाठीच तर लोक एवढे पैसे घालतात. पण दुकानदार बंद खोलीत 5 वर ठेवू देतो, घरी कोण ठेवू देणार आहे? घरी 2. आणि 2 वर हा आवाज नव्या स्टीलच्या ताटावर चमचा आपटावा तसा खणखणतो. त्याला कारण आहे, रिव्हर्बवाल्या, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या चॅनलच्या व्हॉल्यूमवर 47 पिकोफॅरडचा एक टिचभर कपॅसिटर बसवलेला असतो, तो वरचे सूर आडवाटेने पुढे पाठवतो, आणि व्हॉल्यूम जितका कमी तितकं ते जास्त जाणवतं. दुसऱ्या, नॉर्मल चॅनलला तो नाही, तिथे आवाज मऊ, पण तिथे रिव्हर्बही नाही. म्हणजे घी देखा पर बडगा भी देखा.

पोरगा म्हणाला सर मग 5 वॅटचा घ्या ना. त्याला समजावत बसलो नाही, पण वॅट चौथाई झाले म्हणून आवाज चौथाई होत नाही. कानाला निम्मा वाटायला वॅट एक दशांश करावे लागतात. 5 वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प पूर्ण सोडला तर खालच्या मजल्यावरच्या काकू तशाच वर येणार.

रविवार, शिवनेरीत बसून, मोबाइलवर

सकाळी साडेसहाला निघालो. बांद्र्याला एक अंकल आहेत, सत्तरीच्या पुढचे, मूळ गोव्याचे, तरुणपणी जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचे. आता मुलीकडे परदेशी चाललेत आणि घर रिकामं करतायत. त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातला डिलक्स रिव्हर्ब, जहाजावरूनच आलेला. सोबत माझा दादरचा मित्र, तो गणपती-नवरात्रात साउंडचं बघतो आणि बाकी वर्षभर लोकांचे ॲम्प उघडत बसतो.

अंकलनी वरची चादर काढली आणि मी खलास. चंदेरी पॅनल, निळी अक्षरं, जाळीवर एका कोपऱ्यात चहाचा डाग, हँडल दोरीने बांधलेलं. मित्राने माझ्याकडे बघून डोळे वटारले, भाव करायच्या आधीच तोंड असं उघडं टाकू नको म्हणून.

चंदेरी पॅनलची गंमत अशी की 1965 च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलरला घेतली, मग 1968 च्या सुमारास पॅनल काळ्याचं चंदेरी झालं, आणि तेव्हापासून लोकांनी ठरवून टाकलं की काळं ते सोनं आणि चंदेरी ते पितळ. बाकी काही मॉडेलांमध्ये आत बरंच बदललं हे खरं, पण डिलक्स रिव्हर्बच्या वायरिंगला त्यांनी फारसा हात लावला नाही. म्हणजे काळ्या पॅनलचे जे जास्तीचे पैसे लागतात त्यातले बरेचसे रंगाचेच. मला हे माहीत आहे आणि तरी काळा दिसला की मी पण वळून बघतोच.

अंकल म्हणाले 1971 चा. मित्राने मागून टॉर्च मारला, ट्रान्सफॉर्मरवर आकडा होता 606, मग 3, मग 25. 606 म्हणजे शूमाकर कंपनी, 3 म्हणजे 1973, 25 म्हणजे पंचविसावा आठवडा. अंकलना म्हणलं हा त्र्याहत्तरचा आहे, त्या जूनमधे ट्रान्सफॉर्मर बनला तर ॲम्प त्यानंतरचाच. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले मग तो माझ्या लग्नाच्या नंतरचा आहे, मी इतकी वर्षं बायकोला उलटं सांगत होतो.

वाजवला. स्टँडबाय स्विच उघडायच्या आधी व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट थांबलो, आणि तो अर्धा मिनिट मला थेट साताऱ्याला घेऊन गेला, आजोबांचा मर्फीचा रेडिओ, बटण फिरवलं की आधी दिवा, मग काहीच नाही, मग लांबून कुठून तरी घरघर, आणि मग बातम्या. आम्हा पोरांना वाटायचं माणूस चालत येतोय दिल्लीहून.

आवाजाचं काय सांगू. कालचा आणि आजचा मधे एक रात्र, एक एक्स्प्रेसवे आणि दोन वडापाव, कानाची आठवण किती टिकते देव जाणे, त्यामुळे जुना चांगला होता असं छातीठोक नाही सांगणार. पण हाताला फरक कळला. जोरात कॉर्ड मारली की आवाज क्षणभर दबतो आणि मग फुगून वर येतो, बसच्या सीटवर धपकन बसल्यावर गादी दबून परत उचलते तसं. हे रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हमुळे होतं, एकदम जास्त करंट मागितला की तो व्होल्टेज जरा पाडतो. नव्यातही रेक्टिफायर व्हॉल्व्हच आहे, पण यातला वेगळ्या नंबरचा, जास्त झुकणारा. शिवाय पन्नास वर्षं थरथरून मऊ झालेला स्पीकर. नव्या स्पीकरला ती वर्षं कोण देणार?

मग अंकल म्हणाले गा पण काहीतरी. माइक दुसऱ्या मिक्सरला लावलेला होता. तारांवर हात आणि ओठ माइकला टेकला मात्र, असा सणसणीत झटका बसला की मी गिटारसकट मागे खुर्चीत. अंकल शांतपणे म्हणाले हां, तो देतो कधी कधी.

मित्राने ॲम्पची विजेची कॉर्ड उचलून दाखवली. अमेरिकन तीन पिनची, पण अर्थिंगची गोल पिन कोणीतरी कापून टाकलेली, कारण स्टेप-डाउनला, म्हणजे व्होल्ट कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला, दोनच भोकं. हा ॲम्प 120 व्होल्टचा, आपल्याकडे 230, म्हणून मधे तो विटेएवढा ट्रान्सफॉर्मर, आणि अर्थिंग तिथेच संपलं. वर मागच्या बाजूला एक ग्राउंड स्विच असतो, त्याच्यामागचा कपॅसिटर मेनच्या एका वायरीपासून थेट चॅसीला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेला. अर्थिंग नाही, चॅसीला गिटार जोडलेली, गिटारच्या तारा माझ्या हातात. परदेशी रिपेअरवाले त्या कपॅसिटरला डेथ कॅप म्हणतात, आणि जुना ॲम्प टेबलावर आला की आधी तो काढतात. आणि आणखी एक, 60 हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 वर जास्त तापतो, स्टेप-डाउन व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ नाही.

इथपर्यंत ठीक होतं, हे सगळं दुरुस्त होतं. नवी कॉर्ड, तो कपॅसिटर बाहेर, सुकलेले फिल्टर कपॅसिटर नवे, एका दुपारचं काम. मग मित्राने चॅसी उघडली. एक हात खिशात घालून काम करतो तो नेहमी, कारण आत चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि दोन्ही हात आत असले की करंट छातीतून जातो. बंद केल्यावर पण कपॅसिटर ते धरून ठेवतात, त्यामुळे हौशी लोकांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन आत जाऊ नये, मी पण लांबच उभा होतो. आत काळ्या रंगाचा पुठ्ठ्यासारखा फायबरचा बोर्ड, त्यावर हाताने डाग दिलेले भाग, बघायला इतकं सुंदर की फ्रेम करावी. त्याने मीटरची एक पिन चॅसीला लावली आणि दुसरी बोर्डच्या रिकाम्या जागेवर टेकवली, जिथे काहीही जोडलेलं नाही, नुसता बोर्ड. मीटरने तीन व्होल्ट दाखवले. जरा सरकवली, चार.

मला आधी कळलंच नाही काय झालं. तो म्हणाला अरे बोर्डच भिजलाय. पन्नास पावसाळे, त्यात समुद्र दोन गल्ल्या सोडून, त्या बोर्डने ओल पिऊन घेतलीय आणि आता तो स्वतःच थोडी थोडी वीज वाहतो. म्हणून मघाशी नॉब फिरवताना खरखर येत होती. हेअर ड्रायरने सुकवला तर चार महिने बरा, जुलै आला की परत तेच. कायमचं करायचं तर सगळे भाग काढून बोर्ड नवा टाकायचा. आणि मग आत पन्नास वर्षांचं काय उरलं?

अंकलना आम्ही काहीच बोललो नाही. विचार करून कळवतो म्हणलं. त्यांनी जाताना सांगितलं, "पावसात कपाटात ठेव, आत एक बल्ब लावून." म्हणजे त्यांना माहीत होतं सगळं.

बुधवार

तीन दिवस झोप नाही. किमतीत फरक पंधरा हजाराचा, म्हणजे पैशावर ठरणार नाही. मित्र म्हणतो जुना घे, मी सांभाळतो, पण तो दादरला आणि मी कोथरूडला, आणि गणपतीचे दहा दिवस तो स्वतःच्या बायकोचा फोन उचलत नाही. ऑफिसातला एकजण म्हणतो 2019 पासून फेंडरचाच टोन मास्टर मिळतो, त्यात व्हॉल्व्हच नाहीत, आत सगळं डिजिटल, वजन जवळपास निम्मं, अर्ध्या वॅटवर पण ठेवता येतो. अक्कल वापरली तर तोच घ्यायला हवा हे मला पण कळतंय. नाही घेणार.

खरं सांगायचं तर ज्या रात्री वाजवायचं असेल त्या रात्री चालू होणारा ॲम्प मला पाहिजे. जुना घेतला तर मी ऑगस्टमधे हेअर ड्रायर घेऊन बसलेलो असणार, आणि मी स्वतःला ओळखतो, मला ते आवडायला लागेल आणि गिटार राहील भिंतीवर.

अंकलना फोन केला. वाईट वाटलं. ते म्हणाले, "ठीक आहे रे, बेंगळुरूचा एक मुलगा येतोय शुक्रवारी." मला उगाचच त्या मुलाचा राग आला.

पुढचा शनिवार

आणला. 19 किलो, तीन जिने. नव्यात हाताने डाग दिलेला बोर्ड नाही, छापील सर्किट बोर्ड आहे, त्याला नावं ठेवणारे पुष्कळ, मी पण ठेवायचो. कॉर्डला तिन्ही पिना आहेत, कोणी कापल्या नाहीत, आणि माइकला ओठ लावून पाच मिनिटं उभा राहिलो, मुलगी विचारत होती बाबा काय करतायत.

दुपारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो, म्हणजे काम नव्हतं, सवयीने. तिथे मागच्या बोळात एक काका अजून रेडिओ दुरुस्त करतात. त्यांना विचारलं ईसीसी 83 व्हॉल्व्ह आहे का, तेच ते 12 एएक्स 7, अमेरिकन नाव वेगळं आणि युरोपियन वेगळं. त्यांनी वर न बघता विचारलं, "तुम्ही गिटारवाले का?" मग मागच्या फळीवरून एक मळकट खोका काढला, बीईएल, भारत इलेक्ट्रॉनिक्स, बेंगळुरू. सरकारी कंपनी, 1961 पासून व्हॉल्व्ह बनवायची, रेडिओंसाठी. आता जगभरचे गिटारवाले ते शोधत फिरतात आणि इथे हे फळीवर धूळ खात. काकांना ते माहीत होतं, भाव तसाच सांगितला. घेतला.

घरी येऊन ॲम्प थंड होऊ दिला, रिव्हर्बवाल्या चॅनलचा पहिला व्हॉल्व्ह काढून तिथे बीईएल लावला. हळूच हलवत बसवावा लागतो, जोर केला तर पिना वाकतात. चालू केला, आजोबांचा अर्धा मिनिट थांबलो, हात थरथरत होता बरं का. आवाज आला आणि त्याच्यामागे बारीक टुण्ण अशी घंटा. परत वाजवलं, परत टुण्ण. पेन्सिलने व्हॉल्व्हला टिचकी मारली तर स्पीकरमधून टिचकी ऐकू आली. मायक्रोफोनिक. आतल्या जाळ्या सैल झाल्या की व्हॉल्व्ह माइकसारखा वागायला लागतो, आणि पहिल्या जागेवर ते सगळं पुढे मोठं होत जातं.

परत द्यायला नेणार होतो, मग मित्राला फोन लावला. तो म्हणाला मागून बघ आणि उजवीकडून मोज, पाचवी जागा, तिथे टाक. ती ट्रेमोलोची जागा. पॅनलवर व्हायब्रॅटो लिहिलंय पण असतो तो ट्रेमोलो, आवाज कमीजास्त कमीजास्त होतो तो. तिथला व्हॉल्व्ह एक छोटा निऑनचा दिवा लुकलुकवतो, समोर प्रकाश ओळखणारा एक भाग असतो, तो आवाज दाबतो-सोडतो. गिटारचा सूर त्या व्हॉल्व्हमधून जातच नाही.

टाकला. नॉर्मल चॅनलवर आलो नाही, रिव्हर्बवालंच ठेवलं, व्हॉल्यूम 2, गिटारचा टोन निम्म्यावर आणला तर ताटाचा आवाज बराच कमी होतो हे आज कळलं. स्पीड हळू, इंटेन्सिटी अर्धी. ट्रेमोलो लावून एकच कॉर्ड वाजवत बसलो कितीतरी वेळ. साडेनऊला खालच्या काकूंचा मेसेज आला, पंखा आवाज करतोय का तुमचा म्हणून.