न्यूस्ट्रियाचे राजे नुसते नावाचे नव्हते

साताऱ्यात मी इतिहासाच्या शिकवण्या घेते. आजच्या फ्रान्सच्या भागातल्या जुन्या फ्रँक लोकांच्या राज्यात राजा नावाला आणि सत्ता राजवाड्याच्या कारभाऱ्याकडे, एवढं सांगितलं की मागच्या रांगेतून हमखास येतं, "म्हंजे आपले पेशवेच की, मॅडम!" छत्रपती इथं, कारभार पुण्यात, साताऱ्याच्या पोरांना हे सुचणारच. पण तेवढ्यावर विषय मिटवणं मला पटत नाही.

511 मध्ये फ्रँकांचा राजा क्लोविस वारला आणि राज्य चार मुलांत वाटलं गेलं. अशाच वाटण्यांतून पुढे पश्चिमेला न्यूस्ट्रिया उभं राहिलं. पॅरिस, स्वासाँ, रुआँ हा त्याचा मुलूख. पूर्वेला ऑस्ट्रेशिया. दोघांतली भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चालली, खून पडले. अखेर 687 मध्ये टेर्त्रीच्या लढाईत ऑस्ट्रेशियाचा कारभारी पेपिन याने न्यूस्ट्रियाला हरवलं, आणि तिथले राजे त्याच्या घराण्याच्या मुठीत गेले.

त्यानंतरचे राजे म्हणजे लांब केस, लांब दाढी आणि बैलगाडीतून फिरणं, असं चित्र आइनहार्डने रंगवलं. हा आइनहार्ड फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्या पदरचा माणूस, आणि शार्लमेन त्याच पेपिनचा वंशज! ज्यांनी गादी घेतली त्यांच्याच माणसाची साक्ष आपण डोळे झाकून का मानायची?

मी मुलांना 710 चा एक निवाडा सांगते. पॅरिसजवळच्या सां-देनीच्या मठाजवळ जत्रा भरायची. तिथल्या जकातीवरून मठ आणि कारभारी ग्रिमोआल्ड यांच्यात वाद पेटला. ग्रिमोआल्ड हा पेपिनचा सख्खा मुलगा. न्यायाला बसला तिसरा शिल्डेबेर्ट, याच 'नावापुरत्या' राजांपैकी एक. निकाल लागला मठाच्या बाजूने, कारभाऱ्याच्या विरुद्ध. हे ऐकताना वर्ग शांत होतो. मला हा निवाडा टेर्त्रीपेक्षा मोठा वाटतो.

आणखी एक. 737 मध्ये राजा वारल्यावर पेपिनचाच दुसरा मुलगा, कारभारी चार्ल्स मार्टेल याने गादी रिकामीच ठेवली. पण तो गेल्यावर त्याच्या मुलांना ते झेपेना. 743 मध्ये त्यांनी तिसऱ्या शिल्डेरिकला शोधून गादीवर बसवलं. पुढे 751 मध्ये त्या मुलांपैकीच एक, धाकटा पेपिन, याने स्वतः राजा व्हायचं ठरवलं, तेव्हाही आधी पोपचा कौल मागवला. मगच शिल्डेरिकचे केस कापून त्याला मठात धाडलं.

पेशव्यांनी छत्रपतींची गादी कधी घेतली नाही. नव्या पेशव्याची वस्त्रं शेवटपर्यंत साताऱ्याहूनच जात. पोरांनी तुलना जरूर करावी, पण हा फरक आधी वहीत उतरवून मग.