ट्रॅक्टर 15 दिवसांनी, कडुनिंब रोज

मी नगरपंचायतीत सफाईचा मुकादम आहे, 9 वर्षं झाली. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, नाव लिहीत नाही. प्रभाग 17, घंटागाड्या 4 आणि ट्रॅक्टर एकच, तोही ठेकेदाराचा. घंटागाडी ओला-सुका रोज नेते, पण झाडाचा पाला, फांद्या, गवत ती घेत नाही, त्याच्यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली, दर 15 दिवसांनी. हे 15 दिवस कोणी आणि कशावरून ठरवले ते मला आजपर्यंत कोणी सांगू शकलं नाही.

मागच्या मंगळवारची गोष्ट आहे आणि ती डोक्यातून जाऊन नाही राहिली म्हणून लिहितो.

त्या दिवशी मी कचरा डेपोवर नाडेप भरत होतो. नाडेप म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली, पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची, नाडेपकाकांची खताची पद्धत. विटांचं टाकं, 10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच, भिंतीत हवेसाठी भोकं सोडलेली. खाली काडीकचरा-पाल्याचा सहा इंचाचा थर, त्याच्यावर शेणकाला शिंपडायचा, त्याच्यावर चाळलेली माती, मग परत पाला, असं वरपर्यंत, आणि शेवटी शेणामातीनं लिंपून बंद. एका टाक्याला 14-15 क्विंटल पाला लागतो आणि मुख्य म्हणजे टाकं एक-दोन दिवसांत भरून झालंच पाहिजे, रेंगाळलं तर खालचा थर आधी तापून बसतो आणि वरचा कोरडाच राहतो. नीट भरलं तर तीन-चार महिन्यांत असं काळं खत निघते की हातात घेतलं तर जंगलातल्या मातीचा वास येते. माझ्या हातची 11 टाकी झाली आतापर्यंत, एकही फसलं नाही.

सोमवारी अर्धं टाकं भरलं होतं. मंगळवारी सकाळपासून पाल्याची वाट पाहून राहिलो, ट्रॅक्टर आलाच नाही. फोन केला तर ठेकेदार म्हणे टँकर जोडला आहे, पाण्याच्या खेपा सुरू झाल्या. त्याचं गणित साधं आहे, कचऱ्याचे पैसे त्याले वजनावर भेटते आणि वाळका पाला ट्रॉलीत शिगोशीग भरला तरी काट्यावर तीन-साडेतीन क्विंटलच्या वर जात नाही. ट्रॉली भरली, डिझेल जळलं, माणसं राबली आणि हातात काही नाही. टँकरचे पैसे खेपेवर. म्हणजे ज्या महिन्यात पाला सगळ्यात जास्त पडते त्याच महिन्यात तो उचलायची इच्छा सगळ्यात कमी. असा ठेका लिहिणाऱ्यानं फागुनात एखाद्या अंगणात खराटा मारून पाहावं, मी मनापासून म्हणतो.

दुपारी एकच्या सुमारास घंटागाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला, आग लागली, कडुनिंबवाल्या आजीच्या घरी.

त्या आजीच्या अंगणात दोन मोठे कडुनिंब आहेत. फागुनात झाड पंधरा-वीस दिवसांत रिकामं होते, रोज तीन-चार टोपली पाला. आजी एकटी राहते, रोज झाडते, भिंतीशी ढीग लावते. आठ दिवसांआधी तिनं मला थांबवून विचारलं होतं, "बापू, काऊन येऊन नाई राहिला तुमचा टॅक्टर?" मी म्हटलं, येते आजी दोन-तीन दिवसांत. मला माहीत होतं का नाही येणार? खरं सांगायचं तर माहीत होतं.

मी पोचलो तोवर पाल्याच्या ढिगाकडून कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाले आणि तिथून शेजाऱ्याच्या कोठ्याले लागली होती, वारा तसा सुटला होता. आमच्या ड्रायव्हरनं कोठ्यात शिरून विळ्यानं गायीचं दावं कापलं, त्याच्या हाताले फोड आले, त्याचं नाव कोणत्याच कागदावर आलं नाही. गाय वाचली. चाऱ्याचं कुटार सगळं गेलं, पावसाळ्यापर्यंतचं. अग्निशमनची गाडी शेजारच्या तालुक्यातून, 40 किलोमीटरवरून निघाली होती. तिच्याआधी पोचला तो टँकर, आमच्याच ट्रॅक्टरले जोडलेला, त्याच्याच पाण्यानं आग विझली.

आजी सारखी एकच बोलत होती, "सकाळीच जाळलं जी मी, पाणीबी टाकलं वरून, मले वाटलं इजलं." मी ढिगात फावडं घातलं. वर ओला काळा थर, त्याच्याखाली पांढरी राख, आणि राखेखाली वीतभर आत लाल, भट्टीसारखं. कडुनिंबाचा पाला असाच धुमसते, वरून पाहणाऱ्याले कळत नाही.

संध्याकाळी साहेबांनी सांगितलं, पावती फाडा. कचरा जाळला की 5000 दंड, हरित लवादाचा डिसेंबर 2016 चा आदेश आहे, आणि जाळू नये हे मीच घरोघर सांगत फिरतो, नालीत पाला लोटणाऱ्यांशी रोज भांडतो. पण घनकचरा नियमात हेही आहे की बागेचा, झाडाचा कचरा माणसानं आपल्या आवारात वेगळा ठेवावा आणि पालिका सांगेल तसा द्यावा. आजीनं 21 दिवस वेगळा ठेवला. लॉगबुकवरून सांगतो, 21. मी अहवालाले त्या पानांचे फोटो जोडले, साहेब माणूस चांगला आहे पण म्हणाले याची गरज नव्हती.

मी रात्री बसून हिशोब केला. 15 दिवसांनी म्हणजे वर्षाच्या 24 पाळ्या. मध्य फेब्रुवारी ते मध्य एप्रिल दर आठवड्याले काढली तर 9. जुलै ते सप्टेंबर दर आठवड्याले 13, कारण तेव्हा तरोटा, गाजरगवत, अंगणातलं तण, पोळ्याचे पळसाच्या फांद्यांचे मेढे, सगळं ओलं, दोन दिवसांत आतून तापते, तिसऱ्या दिवशी वास सुटते, ते वाळक्या पाल्यासारखं थांबत नाही. उरलेल्या सात महिन्यांत महिन्याले एक पुरते, तेव्हा ट्रॉली अर्धी रिकामीच येते. एकूण 29. पाच पाळ्यांचं जास्तीचं डिझेल, आणि पैसे वजनाऐवजी खेपेवर. बस एवढंच लिहून दिलं आहे. फाइल साहेबांच्या टेबलावर आहे.

अर्धं भरलेलं टाकं फसलं, बारावं.

पावतीपुस्तक माझ्या गाडीच्या डिक्कीत आहे, आजीचं नाव लिहिलं, रकमेची जागा अजून कोरी आहे. काल तिकडं गेलो तर भिंतीशी नवा ढीग, गुडघ्याएवढा, त्याच्यावर ओली पोती टाकलेली आणि पोत्यांवर विटा. मला पाहून आजी दारातूनच म्हणाली, "जाळलं नाई जी मी."