आंघोळीपुरती गळती

'कुड नॉट डुप्लिकेट.' पाच आठवडे आमचा ट्रेलर अडकवून ठेवल्यावर सर्व्हिस सेंटरने माझ्या हातात हे तीन शब्द ठेवले, म्हणजे 'तुम्ही सांगता ती गळती आमच्यासमोर झाली नाही', आणि 340 डॉलर घेतले. शब्दाला एकशे तेरा डॉलर पडले. ती पावती मी अजून फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे. बायको म्हणते काढ, पण मी काढत नाही.

आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी चोवीस फुटी कॅम्पिंग ट्रेलर घेतला, जुना. पिकअपमागे जोडायचा, तळ्याकाठी न्यायचा, आत दोन खाटा, ओटा, संडास आणि एका माणसाला वळता येईल एवढी मोरी. यंदा मेअखेरच्या सुट्टीत लडिंग्टन स्टेट पार्कला गेलो तेव्हा सांगलीहून आलेली आई बरोबर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर चहा घेत बसलो होतो, तर पायरीखालची माती ओली. वाकून पाहिलं तर ट्रेलरच्या पोटातून थेंब, थेंब, थेंब.

ज्यांनी ट्रेलरखाली कधी डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रेलरची आतली जमीन आणि लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये पाण्याचे पाइप, टाक्या, वायरी आणि थंडीसाठी काचलोकर असं सगळं कोंबलेलं असतं. आमच्यासारख्या ट्रेलरमध्ये ते खालून कोरोप्लास्टने बंद केलेलं असतं. निवडणुकीत लोक अंगणात जे पन्हळी प्लॅस्टिकचे बोर्ड रोवतात ना, तेच हे काळं प्लॅस्टिक. त्यामुळे गळलेलं पाणी सरळ जमिनीवर पडत नाही. आधी काचलोकर ते पिते, मग ते प्लॅस्टिकवर साठतं, उताराने सांगाड्याच्या कडेकडेने चालत जातं आणि जिथे भोक सापडेल तिथून खाली येतं. आमच्याकडे थेंब पडत होते पुढे पायरीखाली, आणि दुखणं निघालं मागच्या कोपऱ्यात. म्हणून थेंब दिसला तिथेच प्लॅस्टिक कापायला बसू नका. मी सुरी काढली होती, नशीब की बायकोने हात धरला. त्या पोकळीत बारा व्होल्टच्या वायरी असतात, आणि गॅसची नळीही ट्रेलरच्या पोटाखालूनच जाते. पुढे खरंच कापायची वेळ आली तेव्हा सुरीचं पातं जेमतेम प्लॅस्टिकच्या जाडीएवढं बाहेर ठेवलं आणि विजेची जोडणी आधी काढली.

पहिली चाचणी सोपी आणि फुकट आहे. बाहेरचा पाण्याचा पाइप काढायचा, आतले सगळे नळ बंद करायचे आणि पंप चालू करायचा. पाइपांत दाब तयार झाला की पंप आपोआप थांबतो. नळ न उघडता दर पाच-दहा मिनिटांनी तो पुन्हा गुरगुरला, तर दाबाच्या पाइपांत कुठेतरी पाणी निसटतंय. आमचा पंप तासभर चिडीचूप होता. मला वाटलं मी फार हुशार. पाइप ठीक, मग ताज्या पाण्याची टाकीच फुटली असणार. ती रिकामी केली आणि ट्रेलर बाहेरच्या नळावर घेतला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब होतेच. इथे माझी हुशारी संपली आणि मी सर्व्हिस सेंटरला फोन केला.

जून म्हणजे त्यांचा हंगाम. आणून ठेवा, नंबर लागेल तेव्हा बघू. काउंटरवर एक फॉर्म. नाव, नंबरप्लेट, विम्याचं काय, आणि शेवटी 'तक्रार' म्हणून एकच ओळ, बोटभर लांब. मी लिहिलं, 'ट्रेलरखाली पाणी गळतं'. काउंटरवरच्या माणसाने ते टाइप केलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली, सही घेतली. पाणी कधी गळतं, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. या एका ओळीचा मला आजही संताप येतो, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

मग दर सोमवारी फोन. पहिल्या सोमवारी, 'रांगेत आहे.' दुसऱ्या, 'टेक्निशियन सुट्टीवर.' तिसऱ्या सोमवारी पलीकडच्या बाईंनी मलाच विचारलं की तुमचा ट्रेलर नक्की आमच्याकडेच आहे ना. मी म्हटलं, तुमच्या कुंपणाच्या जाळीतून मला तो दिसतोय, मी बाहेरच उभा आहे. खरंच उभा होतो, ऑफिसातून घरी जाताना वाट वाकडी करून. ट्रेलर ठेवला होता तिथून इंचभरही हललेला नव्हता. शेजारच्या ट्रेलरच्या चाकांभोवती गवत वाढलं होतं, ते पाहून पोटात गोळाच आला. चौथा सोमवार फोन वाजून वाजून बंद झाला. पाचव्या आठवड्यात संदेश आला, गाडी तयार आहे.

रिपोर्टात लिहिलं होतं की पाइपांना अर्धा तास दाब देऊन ठेवला, काटा हलला नाही. ओट्यावरचा आणि बेसिनचा नळ चालवून पाहिला. गळती आढळली नाही. मी काउंटरवर हुज्जत घातली, तर त्याने माझीच सही केलेली ती बोटभर ओळ दाखवली आणि म्हणाला, तुम्ही म्हणालात गळतं, आमच्यासमोर गळलं नाही. तपासणीचे पैसे मात्र द्यावे लागतात. ते कसे लागतात हे त्या फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. मागची बाजू वाचा.

खरी चिडचिड पुढे झाली, कारण त्यांचं म्हणणं खरं ठरलं. जुलैच्या सुरुवातीला आई भारतात परतली. ट्रेलर घरी आल्यावर आम्ही दोघंच एक शनिवार-रविवार फिरून आलो, खाली पुठ्ठे अंथरून. एक डाग नाही. मी मित्राला सांगितलंसुद्धा की बहुतेक त्यांनी काहीतरी आवळलं असेल आणि लिहायला विसरले असतील.

ऑगस्टमध्ये त्याच मित्राचं कुटुंब घेऊन स्लीपिंग बेअर ड्यून्सला गेलो. वाळूच्या त्या डोंगरावर पोरं चढली, गडगडत खाली आली, पुन्हा चढली. केसांत वाळू, कानांत वाळू. आम्ही उतरलो होतो तिथे न्हाणीघर नव्हतं, म्हणून एकेकाला ट्रेलरच्या मोरीत घातलं. मी बाहेर चटईवर आडवा. पहिला पोरगा आत गेला, थोड्या वेळाने टप टप टप. तो बाहेर आला, थेंब मंदावले. दुसरी गेली, पुन्हा टप टप. मी उठून बसलो.

आंघोळ! लडिंग्टनला सार्वजनिक न्हाणीघर होतं, आम्ही दोघं तिथे जात होतो. आईला ते नको होतं, ती रोज सकाळी ट्रेलरच्या मोरीत बादली-तांब्या घेऊन मनसोक्त आंघोळ करायची. ती परत गेली आणि मोरीत आम्ही घडीच्या खुर्च्या रचल्या. सर्व्हिस सेंटरमध्ये तर आंघोळ कोण करणार? रात्री आईला फोन लावला. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या आंघोळीचं पाणी होतं होय! अरे, मग तेव्हाच विचारायचं नाहीस का मला?"

तेव्हा तुमची गळती रोज नसेल तर एका वहीत लिहा: किती वाजता, त्याआधी कोणी काय केलं, ट्रेलर कुठे कललेला होता. आणि फॉर्मवर जागा नसेल तर वेगळा कागद जोडा.

घरी आल्यावर खात्री करून घेतली. शिऱ्यात घालायचा केशरी रंग बादलीत कालवून मोरीत ओतला. बेसिनमध्ये हिरवा. वीस मिनिटांनी पुठ्ठ्यावर केशरी ठिपके. हिरवा एकही नाही.

आता दुरुस्ती, आणि तीही 48 तासांत. आमच्या कॉलनीच्या असोसिएशनच्या नियमानुसार ट्रेलर त्याहून जास्त वेळ दारात उभा करता येत नाही. पिकअपला जोडलेलाच ठेवला, चाकांना लाकडी ओंडके लावले, सांगाड्याखाली जॅकस्टँड दिले. कोपऱ्यांचे ते बारके पाय डुगडुग थांबवण्यापुरते असतात, त्यांच्या भरवशावर खाली शिरू नका. मग मोरीच्या बरोबर खाली कोरोप्लास्ट तीन बाजूंनी कापून झाकणासारखं खाली सोडलं. आधी एक छोटं भोक पाडून खाली बादली धरायला हवी होती, ते मला कापल्यावर सुचलं. पखाल फुटावी तसं सगळं पाणी माझ्या छातीवर. वासाचं वर्णन करत नाही.

आपल्याकडे प्लंबर ज्याला नानी ट्रॅप म्हणतात, तसलाच काळ्या प्लॅस्टिकचा वाकडा ट्रॅप त्या मोरीखाली होता. वास वर येऊ नये म्हणून त्यात पाणी कायम साठून राहतं. त्याच्या बुडाला नखभर लांब भेग. बोट फिरवलं की कळत होती, डोळ्यांना दिसत नव्हती.

ती कशी पडली हे कळायला मला एक मिनिट लागलं आणि मग मी बराच वेळ तसाच उताणा पडून राहिलो. मिशिगनच्या थंडीत पाणी गोठतं, गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि बंद जागेत असेल तर प्लॅस्टिक फोडतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये पाइपांतून ते गुलाबी अँटिफ्रीझ फिरवतात (गाडीचं नव्हे, ते विषारी असतं, ट्रेलरचं वेगळं मिळतं). मीही फिरवलं होतं. प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत. फक्त शॉवरची धार मी बादलीत धरली होती, चार-पाच डॉलरचं द्रव वाया जाऊ नये म्हणून. म्हणजे मोरीच्या ट्रॅपमध्ये गुलाबी थेंबही गेला नाही आणि तिथलं साधं पाणी गोठलं. हे सर्व्हिस सेंटरला मी कळवलेलं नाही.

जुना ट्रॅप कापून काढला आणि त्याजागी हेपवो बसवला. ही सरळ नळी असते, आत रबरी पडदा. पाणी खाली जाऊ देतो, वास वर येऊ देत नाही आणि पाणी साठतच नाही, मग गोठणार काय? जोडण्या आटोपायला तासही लागला नाही. भिजलेली काचलोकर फेकून दिली, नवी घातली, पण त्याआधी दोन दिवस पंखा लावून आतली जमीन वाळवली. ही घाई करू नका, ओल आत कोंडली तर लाकूड कुजतं. कोरोप्लास्टचं झाकण वर लोटून कडांवर पट्टी मारली, आणि जिथे सुरी वाकडी गेली होती तिथे शेजाऱ्याच्या गराज सेलचा जुना बोर्ड कापून स्क्रूने ठोकला. खाली वाकलं की 'शनिवारी 9 ते' एवढं अजून वाचता येतं.

मग मी स्वतः मोरीत उभा राहून अर्धा तास आंघोळ केली. बायको बाहेर पुठ्ठ्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती. पुठ्ठा कोरडा.

बुधवारी असोसिएशनचं पत्र आलं. ट्रेलर 51 तास उभा होता.