हशासाठी थांबलेला माणूस

विनोदी नटाचं निम्मं काम थांबण्याचं असतं. हशा उसळला की पुढचं वाक्य तोंडातच धरायचं. पण तो पूर्ण विरेपर्यंतही थांबायचं नाही, नाहीतर प्रयोग बसतो. हशा उतरणीला लागला आणि आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल एवढा ओसरला, की वाक्य टाकायचं. घाई केली तर ते वाक्य वाया जातंच, शिवाय पुढचं ऐकायचं राहील म्हणून प्रेक्षक हसायला बिचकू लागतात. ही सवय एकदा अंगात भिनली की निघत नाही. एड विनची तर सत्तरीतही निघेना.

'मेरी पॉपिन्स' या चित्रपटात हसता हसता छताला जाऊन टेकणारा अंकल अल्बर्ट, तोच हा. जन्म 1886, फिलाडेल्फिया. तालीम झाली ती अमेरिकन वॉडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, कसरती, विनोद अशा सुट्या आयटमांच्या रंगमंचीय करमणुकीत. तिथे एका तिकिटात आठ-नऊ आयटम असत. पहिला कसरतपटूंचा किंवा शिकवलेल्या कुत्र्यांचा, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असायचे आणि बोललेलं कुणाला ऐकू गेलं नसतं. सगळ्यात मोठं नाव शेवटून दुसरं. शेवटचा आयटम बिचारा उठून जाणाऱ्या पाठींसमोर चाले. विनोदवीराच्या वाट्याला बऱ्याचदा पडद्यापुढची अरुंद पट्टी येई, मागे सेट बदलण्याची ठोकाठोक सुरू असे. पंधराएक मिनिटांचा आयटम, पण गाव बदलत राही. त्यामुळे तेच विनोद वर्षानुवर्षं पुरत आणि कुठल्या शब्दावर किती थांबायचं हे घासून घासून पक्कं होई. 1913 मध्ये न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर, वॉडव्हिलमधलं सगळ्यात मानाचं ठिकाण, उघडलं, तेव्हा पहिल्याच कार्यक्रमात विन होता.

1922 मध्ये तो रेडिओवर गेला. समोर फक्त मायक्रोफोन. विनोद टाकला आणि परत काहीच आलं नाही. तेव्हा स्टुडिओतली हाताला लागतील ती माणसं गोळा करून समोर बसवली, असं सांगतात. दहा वर्षांनी त्याचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला तो प्रेक्षकांसमोरच, आणि तोही पोशाख-टोपीसकट! श्रोत्यांना काही दिसणार नव्हतं, पण समोरच्या माणसांना दिसत होतं ना.

मक्याचं कणीस खायला टाइपरायटरची सरकती गाडी वापरणं हा त्याचा गाजलेला शोध. एक ओळ कुरतडायची, गाडी मागे ढकलायची, दुसरी ओळ. असल्या वस्तूंसाठी टीव्ही सोयीचा होता. 1949 मध्ये त्याचा कार्यक्रम लॉस एंजेलिसहून थेट चाले. पूर्व किनाऱ्याला जोडणारी तार अजून पडली नव्हती, म्हणून मॉनिटरसमोर कॅमेरा लावून फिल्म काढत आणि ती पुढे धाडत. चित्र धूसर येई. खरी अडचण वेगळीच होती: वॉडव्हिलमध्ये कैक वर्षं पुरलेला माल टीव्ही एका रात्रीत खाई, आणि पुढच्या आठवड्याला नवा मागे. कार्यक्रम 1950 मध्येच आटोपला.

मग 1956 मध्ये मुलगा कीनन विन याच्यासोबत 'रेक्विएम फॉर अ हेवीवेट' हे दीड तासाचं थेट टीव्ही-नाटक आलं. थकलेल्या मुष्टियोद्ध्याची गोष्ट, आणि एड विन त्याचा जुना साथीदार. इथे हशाला जागाच नव्हती. विनोदात जी विश्रांती नेमकी बसते, ती गंभीर प्रसंगात नट वाक्य विसरल्यासारखी दिसते. शेवटच्या रांगेसाठी उचललेली भुवई क्लोजअपमध्ये अर्धा पडदा व्यापते. तालमी इतक्या डळमळीत झाल्या की दुसरा नट तयार ठेवला होता. प्रक्षेपणाला मात्र विननेच काम केलं, आणि उत्तम केलं. माझ्या मते तिथे त्याचा तो अवघडलेपणाच भूमिकेच्या कामी आला.

तीन वर्षांनी 'द डायरी ऑफ अ‍ॅन फ्रँक' या चित्रपटात त्याला डसेलची भूमिका मिळाली. माळ्यावर दडलेला, कुरकुरणारा दंतवैद्य. साहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन झालं, बाहुली मात्र 'बेन-हर'मधला ह्यू ग्रिफिथ घेऊन गेला.