अल्फा दर वेळी नेमका ०.५ येतो तेव्हा: समस्थानिक परिणामाचं गणित आणि कटऑफ

०.५०००. चौथ्या दशांशापर्यंत. लॅम्डा (इलेक्ट्रॉन आणि जालकाच्या कंपनांमधली जोडणी) बदला, म्यू-स्टार (इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण) दुप्पट करा, फोनॉनचा, म्हणजे त्या कंपनांचा, वर्णपट पार उलटापालटा करा, उत्तर तेच. एलियाशबर्ग समीकरणं (अतिवाहकतेची सविस्तर समीकरणं) सोडवून समस्थानिक घातांक काढायला बसलो, तेव्हा सर्वांत जास्त दिवस या एका आकड्याने खाल्ले. तो चुकीचा आहे हे कळत होतं, पण चूक सापडत नव्हती. कोड कुठेही अडत नव्हता, क्रांतिक तापमान (ज्याच्या खाली अतिवाहकता येते ते) बरोबर येत होतं, आलेख गुळगुळीत होते. म्हणून ही अडचण सविस्तर लिहितोय, बाकीचे टप्पे थोडक्यात.

अल्फा म्हणजे क्रांतिक तापमान अणूच्या वस्तुमानाच्या उणे अल्फा घाताने बदलतं, त्यातला घातांक. १९५० मध्ये पाऱ्याच्या समस्थानिकांवर तो सुमारे ०.५ मिळाला आणि अतिवाहकतेत जालकाच्या कंपनांचा हात आहे हे उघड झालं. १९५७ च्या बीसीएस (बार्डीन-कूपर-श्रीफर) सिद्धांतात तो ०.५ आपोआप येतो. उच्च तापमानाच्या अतिवाहकांत मात्र घोळ होतो. ९२ केल्विनच्या यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन-१६ काढून ऑक्सिजन-१८ भरला आणि अल्फा ०.५ असला, तर तापमान ५.३ केल्विनने खाली यायला हवं. प्रत्यक्षात ते जेमतेम ०.२ केल्विन उतरतं, म्हणजे अल्फा साधारण ०.०२. तुमच्या गणिताला एवढा बारीक फरक पकडता यायला हवा. मी अडकलो ते इथेच.

सुरुवात मॅकमिलनच्या १९६८ च्या सूत्राने करा, त्याला एक स्प्रेडशीट पुरते. तापमानासाठी ओमेगा-लॉग (फोनॉन वारंवारतांची लॉगने काढलेली सरासरी) भागिले १.२ हा १९७५ चा अ‍ॅलन-डाइन्सचा बदल घ्या. अल्फासाठी त्याच सूत्राचं वस्तुमानाच्या लॉगने विकलन करा. उत्तर असं येतं: अर्धा गुणिले, एक वजा एक अपूर्णांक. अपूर्णांकाच्या अंशात १.०४ गुणिले (१ + लॅम्डा) गुणिले (१ + ०.६२ लॅम्डा) गुणिले म्यू-स्टारचा वर्ग, आणि छेदात (लॅम्डा वजा म्यू-स्टार गुणिले (१ + ०.६२ लॅम्डा)) याचा वर्ग. लॅम्डा १ आणि म्यू-स्टार ०.१ घातला की ०.४७६. लॅम्डा ०.४ केला की ०.३८. म्यू-स्टार ०.१३ केला की थेट ०.२३. हे तीन आकडे आधी हाताने काढून ठेवा, पुढे कामी येतात. लॅम्डा वस्तुमानावर अवलंबून नसतो, तो बदलायचा नाही. बदलतात त्या फक्त फोनॉनच्या वारंवारता, आणि त्यांच्यामागून म्यू-स्टार.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट दिसते. अल्फा लहान आला म्हणजे फोनॉन नाहीत, असं सिद्ध होत नाही. रुथेनियम अर्ध्या केल्विनचा साधा अतिवाहक, त्याचा अल्फा शून्याच्या आसपास मोजलेला आहे. दुबळी जोडणी आणि तुलनेने मोठं प्रतिकर्षण असलं की फोनॉन असूनही अल्फा कोसळतो. मात्र तिथे तापमानही कोसळलेलं असतं. ९२ केल्विन हवं असेल तर हा मार्ग बंद.

आता मुख्य अडचण. सूत्र सोडून पूर्ण समीकरणांकडे वळलो की मात्सुबारा वारंवारतांवर (तापमानाने ठरणाऱ्या, समान अंतरावरच्या वारंवारता) मॅट्रिक्स मांडायचा. कर्णाबाहेर लॅम्डा(म−न) अधिक लॅम्डा(म+न+१) वजा दोन म्यू-स्टार (म, न हे ० पासूनचे ओळ-स्तंभांचे क्रमांक). कर्णावर त्यातून आणखी २म+१ अधिक लॅम्डा(०) अधिक लॅम्डा(१) ते लॅम्डा(म) यांची दुप्पट बेरीज वजा करायची. सर्वांत मोठी आयगनव्हॅल्यू ज्या तापमानाला शून्य होते ते क्रांतिक तापमान. मॅट्रिक्स किती मोठा घ्यायचा हे कटऑफवर (कोणत्या वारंवारतेपर्यंत जायचं त्या मर्यादेवर) ठरतं, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

माझ्या कोडमध्ये आधी मॅट्रिक्सचा आकार इनपुटमधून यायचा, समजा ६४. दोन्ही समस्थानिकांना तोच ६४. दिसायला हे अगदी न्याय्य वाटतं. पण मात्सुबारा वारंवारता तापमानाच्या प्रमाणात असतात. आकार पक्का ठेवला की कटऑफची ऊर्जा तापमानासोबत सरकते. मग समीकरणात तापमान आणि फोनॉनची वारंवारता हे दोनच माप उरतात, आणि एक दुसऱ्याच्या प्रमाणात बदलतं. मितीचा साधा हिशेब केला तरी दिसतं की उत्तर ०.५ च येणार, म्यू-स्टार काहीही असो.

हे लक्षात आल्यावर कटऑफ ऊर्जेत दिला: वर्णपटातल्या सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या सहापट. पुस्तकी पद्धत तीच आहे, सहा ते दहापट. उत्तर पुन्हा ०.५०००. इथे खरी चिडचिड झाली, कारण दुरुस्ती केल्यावरही एक अंक हलला नव्हता. कारण तेच होतं, फक्त वेश बदललेला. ऑक्सिजन-१८ साठी वर्णपट ०.९४३ ने खाली सरकवला की सर्वांत मोठी वारंवारताही तेवढीच सरकते आणि ‘सहापट’ कटऑफही तिच्यामागे जातो. म्यू-स्टारचा आकडा जसाच्या तसा. पुन्हा सगळं एकाच प्रमाणात.

म्यू-स्टार हा कटऑफशी बांधलेला आकडा आहे, सुटा गुणधर्म नाही. खरं प्रतिकर्षण म्यू इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पट्टीवर ठरतं, आणि अणू जड झाल्याने इलेक्ट्रॉनला काही फरक पडत नाही. म्हणून कटऑफ एकदाच, ऑक्सिजन-१६ च्या वर्णपटावरून ठरवा, तो मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये आकडा म्हणून लिहून ठेवा, आणि ऑक्सिजन-१८ लाही तोच वापरा. त्या कटऑफचा म्यू-स्टारही तोच ठेवा. सूत्रातल्या म्यू-स्टारशी तुलना करताना रूपांतर करा: कटऑफचा व्यस्त म्यू-स्टार म्हणजे फोनॉन पातळीचा व्यस्त म्यू-स्टार वजा दोन वारंवारतांच्या गुणोत्तराचा लॉग. फोनॉन पातळीवर ०.१० असेल, तर सहापट कटऑफवर तो ०.१२२ होतो आणि दहापटीवर ०.१३०. हे न करता ‘म्यू-स्टार ०.१ घेतला’ असं लिहिलेले दोन निकाल एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

एवढं केल्यावर अल्फा ०.५ च्या खाली आला. पण कधी ०.४८, कधी ०.४६, पॅरामीटर किंचित हलवला की उडी. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा बारीक, आणि उच्च तापमानाच्या अतिवाहकांतच ती जास्त चावते.

९२ केल्विनला दोन मात्सुबारा वारंवारतांमधलं अंतर ४९.८ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असतं. वर्णपट ८० ला संपत असेल तर सहापट कटऑफ ४८०. भागाकार ९.६. म्हणजे सगळा मॅट्रिक्स नऊ ओळींचा! ऑक्सिजन-१८ साठी तापमान ८६.७ पर्यंत उतरलं की तोच भागाकार १०.२ होतो आणि ओळी दहा. मधेच एक ओळ वाढली. एक ओळ म्हणजे कटऑफमध्ये साधारण दहा टक्के फरक. लॅम्डा २ आणि म्यू-स्टार ०.१ असताना ढोबळ हिशेबाने त्यातून तापमानात ०.२ टक्क्यांची उडी येते, ९२ केल्विनला ०.२ केल्विन. जेवढा परिणाम शोधतोय तेवढाच गोंगाट.

ओळखायची खूण अशी: आयगनव्हॅल्यू तापमानासमोर बारीक अंतराने काढा. करवतीसारखे दात दिसले तर हीच भानगड. अर्धं-अर्धं करत शून्य शोधणारा कोड अशा दातावर येऊन थांबतो आणि सापडलं म्हणतो. शेवटी आयगनव्हॅल्यू छापून घ्या. ती खरोखर शून्याजवळ नसेल तर कोड दातावर बसलाय.

उपाय सोपा आहे. ९.६ असेल तर नऊ ओळी पूर्ण वजनाच्या आणि दहावी ०.६ वजनाची. मॅट्रिक्सची सममिती राखायची म्हणून त्या ओळीच्या आणि स्तंभाच्या पदांना वजनाचं वर्गमूळ लावा, आणि कर्णावरच्या वजाबाकीच्या पदाला हात लावू नका. दात नाहीसे होतात. नुसता कटऑफ वाढवूनही दात बोथट होतात, पण जात नाहीत, आणि म्यू-स्टार पुन्हा बदलावा लागतो.

आठवलं म्हणून इथेच सांगतो: फक्त १६ आणि १८ असे दोन बिंदू काढू नका. १६, १६.५, १७, १७.५, १८ असे पाच काढा आणि तापमानाचा लॉग वस्तुमानाच्या लॉगसमोर मांडा. बिंदू रेषेवर बसले नाहीत तर उतार काढण्यात अर्थ नाही. तापमानाचा टॉलरन्स ०.१ केल्विन ठेवला तर एवढ्यानेच अल्फात ०.०१ ची चूक शिरते, तेव्हा तो केल्विनच्या हजाराव्या भागात घ्या. आणि लॉगच वापरा. साधा टक्केवारीचा भागाकार केला तर १६ ते १८ साठी ०.१२५ येतो, लॉगने ०.११८. सहा टक्के इथेच जातात.

प्रयोगाच्या आकड्यांशी जुळवताना अदलाबदल किती झाली ते आधी बघा. नव्वद टक्केच ऑक्सिजन बदलला असेल तर वस्तुमान १७.८ धरायचं. पूर्ण बदलला तर नमुन्याचं वजन २.१ टक्के वाढायला हवं, आणि रामन वर्णपटात ५०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासची शिखर-ऑक्सिजनची रेषा ४७१ जवळ यायला हवी. जोडीचे दोन्ही नमुने एकाच घाण्यातले, एकाच भट्टीत, एकाच दाबाखाली शिजलेले असावेत आणि नंतर उलट अदलाबदल करून तापमान परत आलेलं दाखवलेलं असावं. कारण ऑक्सिजनचं प्रमाण (दर रेणुसूत्रामागे) ६.७ ते ६.८५ च्या उतारावर ०.०१ ने जरी सरकलं तरी तापमान केल्विनच्या पुढे हलतं. उलट अदलाबदल नसलेल्या आकड्यावर मी मॉडेल बसवत नाही.

कोड बरोबर झाल्यावर काय दिसलं? नुसते फोनॉन घेऊन ९२ केल्विन गाठायला लॅम्डा २ आणि ओमेगा-लॉग सुमारे ५५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतो, आणि अल्फा ०.४९ येतो. ०.०२ येण्याची सुतराम शक्यता नाही. सगळ्या अणूंचे अल्फा मिळून हा आकडा होतो आणि त्यात तांब्याचा, बेरियमचा वाटा असतो हे खरं, पण ५५ ला ढकलणारी कंपनं मुख्यतः ऑक्सिजनचीच.

वस्तुमानाशी संबंध नसलेली, इलेक्ट्रॉनमधूनच येणारी दुसरी जोडणी घातली की अल्फा उतरतो. वर्णपटाचे दोन भाग करा आणि फोनॉनचा भाग तेवढा सरकवा. पण कमी डोपिंगला (भारवाहक कमी असताना) अल्फा वाढतो, ही गोष्ट त्याने सुटत नाही. लॅन्थनम-स्ट्रॉन्शियम-कॉपर ऑक्साइडमध्ये स्ट्रॉन्शियम ०.१२ च्या आसपास तो ०.५ च्याही वर जातो. ‘इलेक्ट्रॉनच्या जोड्या मोडल्या की अल्फा वाढतो’ हे उत्तर लगेच सुचतं. त्याचं गणित दोन ओळींचं आहे: मूळ अल्फाला भागायचं, एक वजा गॅमा गुणिले ट्रायगॅमा(अर्धा + गॅमा) याने (गॅमा म्हणजे जोड्या मोडण्याचा जोर, ट्रायगॅमा हे एक तयार गणिती फलन). तापमान निम्मं झालं की अल्फा २.२ पट होतो, बस. ०.०२ पासून ०.५ पर्यंत जायला तापमान ९२ वरून जेमतेम ९ केल्विनवर यावं लागतं. यट्रियमच्या जागी प्रासिओडिमियम घातलेल्या नमुन्यांत अल्फा त्याच्या कितीतरी आधी मोठा झालेला असतो. म्हणजे हे मॉडेल एकटं पुरत नाही.

व्हॅन होव्ह शिखराच्या (अवस्थाघनतेत, म्हणजे दर ऊर्जेला इलेक्ट्रॉनच्या किती अवस्था आहेत त्यात, येणारं टोक) मॉडेलमध्ये अल्फा सर्वोच्च तापमानाला लहान आणि बाजूला सरकलं की मोठा, असा आकार आपोआप येतो. तिथे अवस्थाघनता सपाट धरून चालत नाही, आणि वर लिहिलेला मॅट्रिक्स ती सपाटच धरतो. ऊर्जेवरची बेरीज वेगळी करावी लागते. कटऑफ ऊर्जेत पक्का ठेवणं आणि शेवटच्या ओळीचं वजन, हे दोन्ही तिथेही तसंच लागू आहे.