धावपट्टी दिसते, पण विमान उतरेल का? मराठवाड्याच्या नकाशातला एक दिवस

ग्रामीण रुग्णालयांसाठी आणीबाणीचा नकाशा तयार करणाऱ्या एका गटाची मागणी सकाळी आमच्याकडे, म्हणजे संभाजीनगरात बसून नकाशे करणाऱ्यांकडे, आली. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत रुग्णाला विमानाने हलवायचे झाले तर विमान कुठे उतरू शकते, याची यादी संध्याकाळपर्यंत हवी होती. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाच्या डेटातून त्यांनी स्वतः एक यादी काढलेली होतीच. तिच्यात छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा, नांदेड, लातूर यांच्याच रांगेत एका तालुक्याच्या गावाबाहेरची पट्टी बसलेली होती आणि सगळ्यांपुढे प्रकार सांगणारा एकच टॅग होता: एरोड्रोम, म्हणजे विमानतळ. त्यांच्या सॉफ्टवेअरने एका रुग्णालयाला ‘सर्वांत जवळचे उतरण्याचे ठिकाण’ म्हणून नेमकी तीच पट्टी सुचवली होती. हे पाहून आम्ही हातातले बाकीचे काम बाजूला ठेवले.

अशा यादीची छाननी आम्ही ठरलेल्या क्रमाने करतो. ओव्हरपास टर्बो या ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा शोधण्याच्या साधनावर आठही जिल्ह्यांच्या हद्दीत एरोवे टॅगच्या सगळ्या वस्तू मागवायच्या: एरोड्रोम, एअरस्ट्रिप, रनवे, हेलिपॅड, हेलिपोर्ट. फक्त एरोड्रोम मागवून भागत नाही. काही ठिकाणी धावपट्टी काढलेली असते पण तिच्याभोवती विमानतळाची हद्द नसते. काही ठिकाणी नुसता एक बिंदू असतो आणि त्याखाली जमिनीवर काहीच नसते. जुन्या जागतिक याद्यांमधून आलेले बिंदू तर हमखास सरकलेले असतात. त्या याद्यांत अक्षांश-रेखांश अनेकदा फक्त अंश आणि मिनिटांत असतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १८५० मीटर. एवढ्या फरकाने विमानतळ सरळ कुणाच्या तरी तुरीच्या शेतात जाऊन पडतो. म्हणून बिंदू दिसला की पहिल्यांदा आसपासच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये धावपट्टी शोधायची.

धावपट्टी सापडली की तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या: जमिनीवर काय आहे, परवाना कसला आहे आणि आज वापर कोणता आहे. या तिन्हींची सरमिसळ झाली की वर्गीकरण बिघडलेच म्हणून समजा. नांदेड आणि लातूर ही जोडी घ्या. दोन्हीकडे धावपट्टी सुमारे २३०० मीटरची आहे आणि दोघांनाही आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा तीन अक्षरी कोड आहे, एनडीसी आणि एलटीयू. पण २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेच्या पहिल्या उड्डाणांत नांदेड–हैदराबाद मार्ग होता. लातूरला मात्र नियमित प्रवासी सेवेचे वेळापत्रक टिकले नाही. नुसत्या लांबीवर वर्ग ठरवला तर दोन्ही एकाच खान्यात जातात, आणि प्रवाशाला लातूरला तिकीट शोधत बसावे लागते. कोडही पुरावा नव्हे. एकदा दिलेला कोड विमाने थांबली तरी याद्यांत तसाच राहतो. आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या हवाई वाहतूक संस्थेच्या कोडची ‘व्हीए’ ही सुरुवात सांगते ती एवढेच की जागा पश्चिम भारतात आहे.

चिकलठाण्यावरही दर काही महिन्यांनी कोणी तरी ‘आंतरराष्ट्रीय’ असा टॅग लावून जातो, कारण इथून हज यात्रेची विमाने गेलेली आहेत. हंगामी हज उड्डाणे वेगळी आणि वेळापत्रकातली आंतरराष्ट्रीय सेवा वेगळी. आम्ही हा टॅग परत ‘प्रादेशिक’वर आणतो आणि बदलाच्या टिपणात कारण लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाला वाद पहिल्यापासून घालावा लागत नाही.

आता त्या तालुक्याच्या पट्टीकडे येतो. सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागला आणि लागायलाच हवा होता.

उपग्रहाच्या स्पष्ट चित्रात डांबरी पट्टा दिसत होता. टोकाच्या जाड उभ्या पट्ट्यांवरून धावपट्टीची रुंदी कळते, कारण आयकाओच्या नियमात त्यांची संख्या रुंदीला बांधलेली आहे: १८ मीटरला ४, २३ मीटरला ६, ३० मीटरला ८, ४५ मीटरला १२. इथे पूर्वेच्या टोकाला पुसट झालेल्या सहा पट्ट्या मोजता आल्या. मोजपट्टी लावली तर रुंदीही २३ मीटरच भरली. पट्ट्यांपुढे रंगवलेला आकडा २७ होता, म्हणजे त्या टोकाकडून विमान साधारण २७० अंशांकडे, पश्चिमेला तोंड करून धावते. आकडा चुंबकीय दिशेचा असतो, पण आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जेमतेम एखाद्या अंशाचा, त्यामुळे नकाशावरच्या रेषेशी तो थेट ताडून पाहता येतो. इथवर सगळे विमानतळासारखेच होते.

पश्चिमेच्या टोकाला मात्र रंग कुठेच नव्हता. एकूण लांबी ११९० मीटर. पण पश्चिम टोकापासून ३१० मीटरवर एक गाडीवाट पट्टी आडवी कापून गेलेली, आणि तिच्या कडेला ठरावीक अंतरावर बारीक काळ्या सावल्या: विजेचे खांब. डांबराच्या दोन्ही कडांना लांबलचक भेगा आणि त्यांत गवताच्या हिरव्या रेघा. काळ्या मातीवरच्या पट्टीचे हे नेहमीचे दुखणे आहे. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. कडेची माती आधी ओली होते आणि आधीच वाळते, म्हणून भेग पहिल्यांदा कडेलाच पडते. मुरमाचा भराव नीट नसेल तर डांबर काही वर्षांतच उठते.

पट्टीच्या मधल्या भागात पिवळसर तपकिरी चौकोन होते, दुरुस्तीच्या ठिगळांसारखे. ठिगळे असती तर ती पुढच्या चित्रातही दिसली असती. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे साधारण दर पाच दिवसांनी मिळतात. त्यांचा एक पिक्सेल १० मीटरचा असतो, म्हणजे २३ मीटरची पट्टी दोन-तीन पिक्सेलांत संपते. तपशील दिसत नाही, पण रंग कधी बदलला ते कळते. चौकोन ऑक्टोबरमध्ये उगवत होते आणि नोव्हेंबरच्या शेवटी नाहीसे होत होते. ते सोयाबीन होते.

तरी खात्री हवी म्हणून सहकाऱ्याने तिथल्या तलाठ्यांना फोन लावला.

“भाऊसाहेब, त्या पट्टीवर शेवटचं विमान कधी उतरलं?”

“इमान? तिथं सोयाबीन वाळू घालायलेत लोकं. मंत्री आले तव्हा हेलिकॉप्टर आलं होतं, पण ते कॉलेजच्या मैदानावर उतरलं.”

राहिला लांबीचा हिशेब. गाडीवाटेच्या पूर्वेला सलग उरतात ८८० मीटर. आता विमानाला लागणारी धावपट्टी समुद्रसपाटीला आणि प्रमाण तापमानाला सांगितलेली असते. आयकाओचा ढोबळ नियम असा: दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के वाढवा, आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त तितके टक्के आणखी. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर आहे आणि ही पट्टीही जवळपास त्याच उंचीवर. उंचीचे साडेतेरा टक्के झाले. त्या उंचीचे प्रमाण तापमान ११ अंश धरले आणि मे महिन्यातली दुपार ४० अंशांची, तर २९ टक्के आणखी. समुद्रसपाटीला १००० मीटर लागणाऱ्या विमानाला इथे सुमारे १४६० मीटर लागतात. उलटे केले तर ही ८८० मीटरची पट्टी मे महिन्यात फक्त ६०० मीटरची ठरते. रुग्ण, डॉक्टर आणि प्राणवायूची नळकांडी घेऊन उडणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानाला तेवढ्यात पाठवणे म्हणजे जिवाशी खेळ. आणि हा हिशेब पट्टी मोकळी आणि धडधाकट आहे असे धरून केलेला आहे.

टोकापलीकडे काय आहे तेही आम्ही दर वेळी बारकाईने आखतो. २६ एप्रिल १९९३ला चिकलठाण्याहून उडणारे प्रवासी विमान धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गठाणी भरलेल्या ट्रकला धडकले आणि ५५ जण गेले. संभाजीनगरात बसून नकाशे करणाऱ्याने धावपट्टीच्या टोकाचा रस्ता, खांब किंवा झाड अंदाजाने काढू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

पट्टीचे टॅग शेवटी असे ठरले. ‘एरोड्रोम’ काढून ‘एअरस्ट्रिप’, म्हणजे साधी धावपट्टी, केले, कारण टर्मिनल, टॉवर, इंधन यांपैकी काहीच नाही आणि नियमित वापरही नाही. पूर्वेचे ८८० मीटर आणि पश्चिमेचे ३१० मीटर अशा दोन रेषा केल्या. पश्चिमेच्या तुकड्याला ‘डिसयूज्ड’ (वापरात नसलेला) हा उपसर्ग लावला. पृष्ठभाग डांबरी, रुंदी २३. लोक तिला विमानतळच म्हणतात, तेव्हा नावाच्या खान्यात ते नाव तसेच ठेवले. तिच्या विस्ताराच्या बातम्या अधूनमधून येतात, पण बातमीवरून आम्ही रेषा ओढत नाही. जमिनीवर काम सुरू झाले की ‘कन्स्ट्रक्शन’ लावू. नियमाप्रमाणे बंद धावपट्टीवर पांढरी फुली मारायची असते. इथे ती नव्हती. आडबाजूच्या पट्ट्यांवर ती क्वचितच असते, म्हणून फुली नाही म्हणजे पट्टी चालू, असे धरून चालत नाही.

हेलिपॅड झटपट झाले. यादीतले कित्येक ‘हेलिपॅड’ म्हणजे कुठल्या तरी दौऱ्यासाठी शाळेच्या किंवा साखर कारखान्याच्या मैदानावर चुन्याने आखलेला गोल आणि त्यात एच. एका पावसात तो धुऊन जातो. आमची कसोटी सरळ आहे: दोन वेगवेगळ्या ऋतूंच्या चित्रांत तोच पक्का काँक्रीटचा ओटा दिसला पाहिजे. दिसला तर हेलिपॅड, नाही तर टॅग काढायचा. मैदानांची वेगळी यादी मात्र त्या गटाला दिली, वाट आणि तारांच्या नोंदींसह, कारण हेलिकॉप्टरला गरज पडली तर तीच मैदाने उपयोगी पडतील.

संध्याकाळी यादी गेली ती तीन भागांत: नियमित विमाने उतरतात असे विमानतळ, पक्की लांब धावपट्टी आहे पण आधी फोन करून परवानगी आणि स्थिती विचारावी लागते अशी ठिकाणे, आणि विमान पाठवू नये अशा पट्ट्या. प्रत्येक ओळीपुढे वापरता येणारी लांबी, रुंदी, पृष्ठभाग, उंची आणि चित्राची तारीख. त्यांच्या सॉफ्टवेअरने तिसरा भाग सुचवणीतून पूर्ण वगळावा, असे पत्रात ठळक लिहिले. त्यांनी ते त्याच रात्री केले आणि त्या रुग्णालयापुढे आता चिकलठाणा येते, रस्त्याच्या वेळेसकट. तालुक्याच्या पट्टीची पुढची तपासणी सोयाबीन उचलल्यानंतर, डिसेंबरच्या चित्रावर करायची अशी नोंद घातली आहे.