आबांची गाडी नाल्यात बंद पडली त्या दिवशी

स्पितीतल्या काझाहून मोटरसायकलींवर निघायच्या सकाळी आबा मला म्हणाले होते, "मिस्त्री, गाडी पयल्या झटक्यात सुरू झाली न्हाई बगा. दोनदा बटण दाबलं, काय नाय. मग हँडल सरळ करून बसलो, तवा झाली."

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. सगळं त्यात होतं. आणि मी काय उत्तर दिलं? "थंडी आहे आबा, बॅटरी गारठते." पहाटे साडेपाचला, साडेतीन हजार मीटरच्या वर, बोटं बधिर झालेली असताना ते उत्तर मला पुरेसं वाटलं. आबांनीही मान डोलावली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

साताऱ्यात माझं गॅरेज आहे. सुरुवात साध्या कम्युटर गाड्यांवर झाली. पण 2016 मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन बाजारात आली आणि हळूहळू माझ्याकडे लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांच्याच गाड्या येऊ लागल्या. 411 सीसीचं एक सिलिंडर, पुढे 21 इंची चाक, जमिनीपासून 220 मिलिमीटर उंची. पळायला वेगवान गाडी नव्हे, पण दगडधोंड्यांतून शांतपणे वाट काढणारी. मला ती मनापासून आवडते. वर्षातून एकदा मी आमच्याच गिऱ्हाइकांच्या गटाबरोबर जातो, सगळ्यांत शेवटची गाडी माझी. त्या वर्षी जुलैअखेरीला आठ जण होतो: सिमल्यावरून किन्नौर, मग स्पिती, कुंझुम खिंड ओलांडून मनाली. या बाजूने गेलं की उंची हळूहळू वाढते, माणसाला त्रास कमी होतो.

आबा कऱ्हाडकडचे ऊस बागायतदार, वय अठ्ठावन्न, उंची सहा फुटांच्या वर. निघायच्या तीन आठवडे आधी ते गॅरेजवर आले, तेव्हा त्यांची एकच तक्रार होती. खराब रस्त्यावर फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून चालवलं की कंबर वाकते आणि तासाभरात पाठ धरते. उंच माणसाचं हे होतंच. उभं राहून चालवणं ही काही हौस नसते. उभं राहिलं की वजन पायांवर जातं, गाडी खाली हवी तशी हलते आणि गुडघे धक्का खातात. पण त्यासाठी हँडल हाताशी यायला हवं. म्हणून मी त्यांना 30 मिलिमीटरचे रायझर बसवून दिले. हँडलच्या क्लॅम्पखाली बसणारे ॲल्युमिनियमचे ठोकळे, बस.

रायझर बसवल्यावर जे तपासायचं ते मी तपासलं होतं. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून क्लचची केबल ताणते का, पुढच्या ब्रेकचा होज ओढला जातो का, गाडी चालू ठेवून हँडल फिरवल्यावर रेस आपोआप वाढते का. तिन्ही ठीक. बाकीची तयारीही नीट झाली होती. फोर्कचं ऑइल बदललं, कोनसेट म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंगं उघडून ग्रीस भरलं. स्पोक एकेक करून पान्याने वाजवून पाहिले. ताण बरोबर असलेला स्पोक टणटणीत वाजतो, ढिला असला की आवाज भद्द येतो. जुन्या क्लच केबलला चिकटून दुसरी नवी केबल ओवून टेप लावून ठेवली, म्हणजे वाटेत तुटली तर फक्त दोन टोकं जोडायची. एवढं सगळं केलं. उजव्या स्विचकडून टाकीखाली जाणारा वायरचा जुडगा मात्र मी हाताने चाचपला नाही. तो मानेजवळ केबल टायने फ्रेमला आवळलेला होता. वरून बघितलं, ठीक दिसला, सोडून दिला.

लोसरपर्यंतचा रस्ता झकास. तिथून कुंझुमचा चढ. खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि हवा समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ चाळीस टक्के विरळ, म्हणजे इंजिनची ताकदही त्याच हिशेबाने उतरते. फ्युएल इंजेक्शनची गाडी हवेचा दाब ओळखून पेट्रोल कमी करते, त्यामुळे धूर सोडत नाही, गुदमरत नाही. पण हवाच नाही म्हटल्यावर जोर आणणार कुठून? मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, क्लच अर्धा धरून चढवू नका, सरळ पहिल्या गिअरवर या. प्लेटा जाळून घेतल्या तर इथे कोण देणार? माथ्यावर कुंझुम मातेच्या देवळाला गाड्यांसकट प्रदक्षिणा घालायची रीत आहे. आम्हीही घातली. आबांनी घरून आणलेला नारळ फोडला.

बातलच्या ढाब्यावर राजमा-चावल खाल्ला आणि तिथेच उशीर व्हायला सुरुवात झाली. बातलनंतर रस्ता असा नाहीच. चंद्रा नदीच्या कडेने गोटे पसरलेत आणि त्यातून चाकोरी गेलीय, एवढंच. छोटा दऱ्याच्या आसपास एकाची मागची ट्यूब दगडाच्या धारेवर चावली गेली, दोन बारीक छिद्रं एकमेकांशेजारी. हवा कमी ठेवली की पकड चांगली मिळते पण ट्यूब रिमखाली चेपली जाते, दोन्ही एकदम मिळत नाही. ट्यूब बदलण्यात तास गेला.

आणि या रस्त्यावर तास गेला म्हणजे नुसती वेळ जात नाही, पाणी वाढतं. नाले वरच्या हिमनद्यांतून येतात. रात्री बर्फ गोठलेलं असतं, म्हणून सकाळी नाला घोट्याएवढा. ऊन चढलं की वितळायला लागतं आणि दुपारी तोच नाला गुडघ्यापर्यंत येतो. म्हणून तर पहाटे निघायचं असतं. छत्रूच्या अलीकडच्या नाल्याशी पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. सामानाचा पिकअप पुढे निघून गेलेला. फोनला रेंज नाही.

मी आधी चालत नाला पार केला. तळ कळल्याशिवाय गाडी घालायची नाही, हा माझा नियम आहे. पाणी गुडघ्याच्या खाली, पण ओढ जबर, आणि मध्ये फुटबॉलएवढे गोटे. कुठून जायचं ते दाखवलं: पहिला गिअर, रेस एकसारखी, नजर पलीकडच्या काठावर. पाण्याकडे बघितलं की माणूस पाण्याबरोबर वाहायला लागतो. चार जण एकेक करून पार झाले.

आबा मध्यावर गेले आणि पुढचं चाक एका गोट्यावरून घसरलं. हँडल झटक्यात पूर्ण डावीकडे गेलं, आबांनी पाय टेकवला, गाडी सावरली. पडली नाही. पण इंजिन बंद झालं.

मी काठावरून जिवाच्या आकांताने ओरडलो, "आबा, स्टार्टर दाबू नका! बटणाला हात लावू नका!"

ओरडण्यामागे कारण होतं. पाण्यात बंद पडलेल्या गाडीच्या एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरात गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गाडी ट्रकमध्येच चढवायची. म्हणून आम्ही चौघांनी ती तशीच ढकलत काठावर आणली. जवळजवळ दोनशे किलोची गाडी, बर्फाचं पाणी, पायाखाली हलणारे गोटे. बाहेर येईपर्यंत माझ्या मांड्यांत त्राणच राहिलं नव्हतं.

गाडी साइड स्टँडवर लावली. साइड स्टँडवर लावताना हँडल आपण डावीकडेच वळवतो, सवयीने. हे लक्षात ठेवा.

साइड पॅनल काढून एअर फिल्टर बघितला. कोरडा. ऑइलच्या काचेतून बघितलं, पाणी मिसळलं असतं तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. स्वच्छ. प्लग काढला, तोही कोरडा. म्हटलं आता प्लग काढलेलाच आहे तर स्टार्टर मारून बघू, आत पाणी असेल तर भोकातून बाहेर उडेल. चावी फिरवली. मीटर लागला, हेडलाइट लागला. बटण दाबलं. काही नाही. टक् सुद्धा नाही.

इथे माझं डोकं चालेना. पाणी नाही, दिवा लख्ख म्हणजे बॅटरी आहे, आणि प्लग काढलेला असल्यामुळे इंजिनला फिरायला अडथळा काहीच नाही. गाडी कलंडली तर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, तो लागला असेल म्हणून चावी बंद-चालू केली. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल गेला असेल म्हणून तो धुतला. फ्यूज काढून बघितले. अर्धा तास गेला.

मागून एक ट्रकवाला उतरून आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाई, गाड़ी बाद में देखना. पानी बढ़ रहा है, पहले अपने लड़कों को निकालो."

मी मान वर केली. आमची दोन पोरं अजून पलीकडच्या काठावर आमच्याकडे बघत उभी होती. मघाशी जो गोटा पाण्याच्या वर दिसत होता तो आता दिसत नव्हता. मी गाडीत इतका बुडालो होतो की माणसं विसरलो होतो. हे लिहितानाही लाज वाटते. पान्यांची पिशवी तिथेच टाकली आणि पाण्यात उतरलो. दोघांच्या गाड्या आणि शेवटी माझी आम्ही दोन्ही बाजूंनी धरून, इंजिन चालू ठेवून पायी चालवत आणल्या. दुसऱ्या गाडीच्या वेळी पाणी माझ्या गुडघ्याच्या वर होतं. त्या ट्रकवाल्याने आपला ट्रक नाल्यात वरच्या बाजूला आडवा उभा केला होता, पाण्याचा जोर मोडावा म्हणून. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

परत आबांच्या गाडीशी आलो तेव्हा आबा सीटला टेकून बसले होते. तोंडावर काळजी होती, पण म्हणाले एवढंच, "सकाळी बी असंच झालं हुतं, मिस्त्री. बटण दाबलं तर आवाजच न्हाई."

आवाज. चावी टाकल्यावर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप दोन सेकंद घूंऽऽ करतो. गॅरेजमध्ये मी तो रोज ऐकतो, कान आपोआप तिकडे लागतो. इथे नाल्याच्या गर्जनेत तो ऐकूच येण्याची शक्यता नव्हती, म्हणून मी त्याचा विचारच केला नव्हता. मी ग्लव्ह काढून टाकीवर तळहात ठेवला आणि चावी फिरवली. टाकी थंडगार, निश्चल. पंप चालत नव्हता.

मीटर चालू, दिवा चालू, पण पंप नाही आणि स्टार्टरही नाही. दोघं एकदम कधी जातात? उजव्या मुठीजवळचा, इंजिन बंद करायचा किल स्विच बंद असला की. स्विच तर चालू होता. मग स्विचकडून येणारी वायर. आणि त्याच क्षणी सकाळचं वाक्य पूर्ण आठवलं, 'हँडल सरळ करून बसलो, तवा झाली.'

एका हाताने टाकी धरून दुसऱ्या हाताने हँडल सरळ केलं. तळहाताखाली टाकी थरथरली.

डावीकडे नेलं, चावी बंद करून परत टाकली, शांत. सरळ केलं, घूंऽऽ. आबांचा हात घेऊन टाकीवर ठेवला. त्यांनाही जाणवलं.

मानेजवळचा केबल टाय कापला आणि जुडग्याचं आवरण सोललं. हँडल डावीकडे वळलं की उजवी मूठ पुढे, टाकीपासून लांब जाते. रायझरमुळे ते अंतर आणखी वाढलेलं, आणि वायर फ्रेमला आवळून बांधलेली. किन्नौरच्या खड्ड्यांत प्रत्येक वळणाला तिला हिसका बसत आला होता. बाहेरून प्लास्टिक धड दिसत होतं, पण दोन बोटांत धरून वाकवलं तर आत एका जागी लुळं पडलं. तांब्याच्या तारा आत तुटून नुसत्या टोकाला टोक टेकून होत्या. गाडीत, स्विचमध्ये, वायरिंगमध्ये मूळचा काहीही दोष नव्हता. तो टाय साताऱ्यात मी वेळीच सोडायला हवा होता.

डाग द्यायला तिथे वीज कुठली. पिशवीत जादा वायर होती, तिचा वीतभर तुकडा मध्ये घातला, टोकं पिळून पक्की केली, वर हीट श्रिंकची नळी सरकवून लायटरने आवळली. जुडगा सैल ठेवून नव्या वाटेने नेला. प्लग बसवला. हँडल डावीकडे पूर्ण वळवून बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली. आबांना मी तिथेच सांगितलं की चूक माझी होती, रायझर बसवताना झालेली, आणि सकाळी तुम्ही सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाकीच्यांच्या बी बघ."

गटात आणखी दोघांच्या गाड्यांना माझेच रायझर होते. तिथेच, नाल्याच्या काठावर, दोघांचेही टाय कापले. वायर अजून धड होत्या, पण ताणलेल्या. ग्राम्फूला पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं, अटल बोगद्यातून मनालीत उतरायला रात्र झाली. हॉटेलच्या आवारात टॉर्च लावून चेनी धुतल्या, ऑइल लावलं. नाल्यातली बारीक वाळू चेनमध्ये राहू दिली तर ती पॉलिशपेपरसारखं काम करते.

साताऱ्याला आल्यावर गॅरेजची वही काढली. तोवर मी चौदा गाड्यांना रायझर लावले होते. तीन त्या गटातल्या, उरल्या अकरा. प्रत्येकाला फोन केला, कारण सांगितलं, पैसे न घेता गाडी बोलावली. दहा आल्या. एकीची वायर आतून निम्मी तुटलेली निघाली. ती गाडी पुढच्याच आठवड्यात आंबोली घाटात जाणार होती. अकरावी गाडी विकली गेली होती. नव्या मालकाचा नंबर मिळवायला दोन महिने लागले, पण ती कोल्हापुरात सापडली आणि तिचाही टाय मी स्वतः जाऊन कापून आलो.

आबांनी रायझर काढू दिले नाहीत. दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला आले, तेव्हा मी त्यांच्या पिळलेल्या जोडाला नीट डाग देऊन घेतला. काम झाल्यावर त्यांनी गाडी साइड स्टँडवर लावली, हँडल डावीकडे वळवलं, चावी टाकली आणि काही न बोलता टाकीवर हात ठेवून उभे राहिले.